एकांकिका स्पर्धांची प्रतीक्षा यादी उघडपणे का लावत नाहीत?

तिसरी_घंटा (धागाकर्ती)

कॉलेजं सुरू झाली की एकांकिका स्पर्धांच्या प्रवेशिका निघतात, आणि त्याच सुमारास दरवर्षी कुठल्या ना कुठल्या संघाला ऐकावं लागतं, "तुम्ही वेटिंगला आहात, कळवतो." हा धागा त्या "कळवतो"बद्दल आहे.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रंगमंच एक, तारखा मोजक्या आणि एका संध्याकाळी एकांकिका बसतात तीन, फार तर चार. त्यामुळे संघांच्या संख्येला मर्यादा घालावीच लागते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिच्या भरत नाट्य मंदिरातल्या प्राथमिक फेरीत ५१ संघ असतात. एवढी मोठी फेरी घ्यायची ताकद फार कमी संस्थांकडे आहे. बाकी गावोगावच्या स्पर्धा दोन-तीन दिवसांच्या असतात, तिथे आठ-दहा संघ घेतले की दार बंद. उरलेले प्रतीक्षा यादीत. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. प्रवेश मिळाला नाही तर नाही मिळाला, पुढच्या स्पर्धेची तयारी करू.

पण आपण यादीत कितवे आहोत हे सांगत नाहीत. यादी कशावरून लावली, आधी आलेल्या प्रवेशिकेवर, संहिता वाचून की चिठ्ठ्या टाकून, तेही सांगत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची आणि कधी आशा सोडायची, हे तर कोणीच सांगत नाही.

वेटिंगवरच्या संघाला स्वस्थ बसता येत नाही हो. मंचावर सात जण असतील तर बॅकस्टेजला दहा असतात. तालमीचा हॉल धरून ठेवावा लागतो. लेखकाचं मानधन आणि परवानगीपत्र आधीच झालेलं असतं, परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकांच्या सेन्सॉरच्या) प्रमाणपत्रासाठी खेपा झालेल्या असतात. नेपथ्याचं लाकूड आणावं की नाही, हे ठरवायचं कशाच्या जोरावर?

गेल्या हंगामात एका स्पर्धेकडून (नाव घेत नाही, मुद्दा एका संस्थेचा नाही) आमच्या संघाला प्रयोगाच्या आदल्या दिवशी रात्री साडेनऊला फोन आला. "उद्या सातचा स्लॉट रिकामा झालाय, येता का?" आम्ही नगरकडचे. नेपथ्यात दोन लेव्हल्स (मंचावरचे उंच चौथरे) आणि एक मोठी लाकडी खिडकी. ती खिडकी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, आणि वर्कशॉपची किल्ली शिपायाकडे, तो गावी गेलेला. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलीची दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. नेहमीचा टेम्पोवाला कांदा घेऊन मार्केटला निघालेला. तरी मुलं म्हणत होती, खिडकीशिवाय करू, लाइट कोणीतरी मारेल. रात्री बारापर्यंत फोनाफोनी केली आणि शेवटी नाही म्हणावं लागलं. त्या फोनच्या आधी आमचा क्रमांक आम्हाला माहीत नव्हता आणि नंतरही कळला नाही. आठवडाभर आधी "तुम्ही दुसरे आहात" एवढं कळलं असतं, तरी खिडकी वर्कशॉपमधून बाहेर काढून ठेवली असती.

माझी मागणी साधी आहे. यादी जाहीर लावा, क्रमांकासकट. यादी हलली की त्याच दिवशी बदल टाका. आणि एक शेवटची तारीख द्या, जिच्यानंतर वेटिंगचा संघ मोकळा. आयोजक, विद्यार्थी, जुने स्पर्धक, सगळ्यांनी लिहा.

---

नेपथ्य_सांभाळा

अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या वेळी तर ज्या कॉलेजचा माजी विद्यार्थी आयोजकांच्या ओळखीचा, त्यांना आतली बातमी आधी कळायची. "तुमचं होईल, तयारी चालू ठेवा." तो निरोप खरा असायचाही, पण ज्यांचं असं कोणी नाही त्यांनी काय करायचं? यादी बंद असली की ओळखीलाच भाव येतो. त्यासाठी कोणी काही वाईट करायचीही गरज नसते.

---

सिंहगड_एक्सप्रेस

रोज पुणे-मुंबई करणारा माणूस आहे, त्यामुळे माझं डोकं रेल्वेच्याच मार्गाने जाणार. पीएनआर टाकला की दोन आकडे दिसतात: तिकीट काढलं तेव्हाचा वेटिंग नंबर आणि आताचा. २४ चे ११ झालेत हे दिसलं की माणूस ठरवू शकतो, थांबायचं की बस पकडायची. नुसता ११ दिसला असता तर ते कळलं नसतं. यादी किती वेगाने हलते, ही माहिती क्रमांकाइतकीच कामाची आहे.

दुसरं म्हणजे रेल्वेत वेटिंगच्या रांगाही वेगवेगळ्या असतात. गाडी सुटते तिथल्या प्रवाशांची एक, मधल्या स्टेशनांची वेगळी, आणि मधल्या स्टेशनांची रांग सहसा हळू सरकते. तिकिटावर ते लिहिलेलं असतं, म्हणून कोणी भांडत नाही. स्पर्धांमध्येही गावातल्या आणि बाहेरगावच्या संघांची रांग मनातल्या मनात वेगळी धरली जात असणार. असेल तर तसं लिहा की.

---

पडद्यामागचा

मी एका जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आयोजनात बरीच वर्षं आहे. धागा वाचून उत्तर द्यावंसं वाटलं, कारण दुसरी बाजू इथे कोणी मांडलेली नाही.

जागा कशी रिकामी होते ते आधी पाहा. एक संघ एकाच वेळी तीन-चार स्पर्धांना प्रवेशिका भरतो. तारखा जाहीर झाल्या की त्यातल्या दोन एकमेकींवर येतात. मग ज्या स्पर्धेचं नाव मोठं, ती धरतात आणि आम्हाला कळवतात शेवटच्या क्षणी. काही तर कळवतही नाहीत, आम्हीच फोन करून विचारतो तेव्हा समजतं. कोणाच्या नायकाला डेंग्यू होतो, कोणाच्या प्राचार्यांची सही अडते. स्पर्धेच्या आठ दिवस आधी रिकामी झालेली जागा आम्ही नीट क्रमाने भरतो. आदल्या दिवशी रिकामी झालेली जागा भरताना एकच प्रश्न असतो: उद्या संध्याकाळी कोण येऊ शकतं? तिथे पहिल्या क्रमांकाचा संघ दीडशे किलोमीटरवर असेल आणि पाचव्या क्रमांकाचा संघ गल्लीपलीकडे, तर मी पाचव्याला फोन करतो. प्रेक्षक तिकीट काढून बसलेले असतात, परीक्षक बाहेरगावाहून आलेले असतात, त्यांना रिकामा मंच दाखवता येत नाही.

आता ही यादी क्रमांकासह बाहेर लावली असती, तर पहिल्या क्रमांकाचा संघ मला सोडेल का? गेल्या पाच-सहा वर्षांत फोनांचा त्रास इतका वाढलाय की नुसता वेळापत्रकातला दिवस बदलला तरी आरोप होतात. क्रमांक जाहीर करणं म्हणजे रोज वीस फोनांना आमंत्रण. आमच्याकडे पगारी माणूस एकही नाही. सगळे नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी येणारे.

आणि शेवटची तारीख म्हणाल तर ती देता येत नाही, कारण जागा शेवटच्या दिवशीसुद्धा रिकामी होते. ती कोणाला तरी मिळू शकते. तारीख दिली तर ती संधी कोणालाच मिळणार नाही.

---

तिसरी_घंटा

पडद्यामागचा, तुम्ही लिहिलंत याचा खरंच आनंद झाला. एवढं सविस्तर आम्हाला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमचा पाचव्या क्रमांकाचा मुद्दा मला पूर्ण पटतो. प्रेक्षागृह रिकामं ठेवू नका, जो येऊ शकतो त्याला बोलवा. पण मग हा नियम आहे, आणि तो नियम म्हणूनच लिहायला हवा. प्रवेशिकेवर एक रकाना ठेवा: "प्रतीक्षा यादीत असल्यास किती तासांच्या सूचनेवर प्रयोग करू शकता? २४ / ४८ / ७२ / आठवडा." आमच्यासारखा बाहेरगावचा संघ प्रामाणिकपणे ७२ लिहील. उद्याची जागा रिकामी झाली तर ७२ वाल्यांना सोडून २४ वाल्यांतल्या पहिल्याला फोन करा. आम्हाला वाईट वाटणार नाही, कारण आम्हीच ते लिहून दिलंय. शेवटच्या तारखेचा प्रश्नही यातच सुटतो. ७२ तासांवाल्यांची शेवटची तारीख प्रयोगाच्या तीन दिवस आधी आपोआप येते. २४ वाले शेवटपर्यंत थांबतील, स्वतःच्या मर्जीने.

फोनांबद्दल मात्र मला उलटं वाटतं. माहिती नसते म्हणून लोक फोन करतात. "आमचं काय झालं?" हा प्रश्न ज्याला उत्तर दिसतंय तो का विचारेल?

---

प्रॉम्प्टर

तिसरी_घंटा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोड. लॉट्सचंच, म्हणजे कोणाचा प्रयोग कधी हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांचंच, बघा ना. पुरुषोत्तमचे लॉट्स कॉलेजांच्या प्रतिनिधींसमोर निघतात, पोरं आरडाओरडा करत तो दिवस साजरा करतात. कोणाला पहिला दिवस येतो, कोणाला शेवटचा. पहिला दिवस कोणालाच नको असतो, पण लॉट्समध्ये आला म्हटलं की मान्य. डोळ्यांसमोर चिठ्ठी निघाली की नशिबाला नावं ठेवतात, आयोजकांना नाही. संघांचे दिवस ठरवायला एवढी उघडी पद्धत आपल्याकडे रुजलेली आहे. मग वेटिंगचा क्रमही त्याच दिवशी, त्याच डब्यातून, सगळ्यांसमोर काढायला कोणत्याही स्पर्धेला काय अडचण आहे? दहा मिनिटांचं काम.

---

बे_एरियाकर

मी नाटकातला नाही, पण या विषयाशी चांगलाच संबंध आला. इकडे अमेरिकेत माझी मुलगी शाळेच्या रोबोटिक्स संघात होती. फर्स्ट रोबोटिक्स नावाची मोठी स्पर्धा असते, हंगामाच्या शेवटी एप्रिलमध्ये ह्यूस्टनला चॅम्पियनशिप. बहुतेक जागा जिंकून, पुरस्कारांवर किंवा गुणांवर मिळतात. उरलेल्या जागा प्रतीक्षा यादीतून भरतात, आणि त्या यादीत त्यांनी सोडतीला वजन दिलेलं पाहिलं. चॅम्पियनशिपला जाऊन संघाला जितकी जास्त वर्षं झाली असतील तितकी त्याचं नाव निघण्याची शक्यता जास्त. नियम आधीपासून लिहिलेला, सगळ्यांना माहीत.

याचा परिणाम मी आमच्या पालकांच्या गटात पाहिला. निवड न झाल्यावर मुलं हिरमुसली, पण "पुढच्या वर्षी आपल्या चिठ्ठ्या वाढतील" हे वाक्य लगेच कोणीतरी म्हणालं. नकारातूनही हातात काहीतरी उरतं. एकांकिकेत हे करता येईल का? सलग दोन वर्षं वेटिंगवर राहून प्रवेश न मिळालेल्या कॉलेजाच्या तिसऱ्या वर्षी दोन चिठ्ठ्या टाकायच्या.

तिकडेही सगळं गोड नाही, हे सांगायला हवं. जागा उशिरा मिळाली तर विमानाची तिकिटं, हॉटेलं, सगळं महाग पडतं. श्रीमंत शाळांना ते झेपतं, बाकीच्यांना जागा मिळूनही नाही म्हणावं लागतं. यादी कितीही उघडी असली तरी मुदत कमी असेल तर फायदा पैसेवाल्यांचाच.

---

फोंडेकार

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे कॉलेजपेक्षा गावातली मंडळं जास्त. कला अकादमीच्या अ गट मराठी नाट्यस्पर्धेसाठी माणसं दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येतात, कोण बँकेत, कोण शाळेत, कोण खाणीवर. अशा संघाला रजा टाकावी लागते. विद्यार्थी एक दिवस कॉलेज बुडवू शकतो, नोकरीवाला आदल्या रात्री रजा कशी मागणार? म्हणून तासांचा रकाना मला फार आवडला. फक्त खुल्या गटाच्या स्पर्धांत "आठवडा" हा पर्याय काढू नका. आमच्यासारखे तोच निवडणार.

---

एफवायची_मुलगी

पहिल्यांदाच लिहितेय. मी आत्ता वेटिंगवर असलेल्या संघात आहे. आमचा दिग्दर्शक रोज म्हणतो "होणार, तालीम चालू ठेवा", आणि खरं म्हणजे त्यालाही काही माहीत नाही. आमच्यातल्या दोघांना दुसऱ्या ग्रुपने पथनाट्यासाठी विचारलंय, ते अडकून पडलेत. कोणी सोडून गेलं तर ग्रुपमध्ये वाईट दिसतं. आम्ही विसावे आहोत असं कोणी सांगितलं ना, तरी चालेल. निदान सगळ्यांना मोकळं करता येईल.

---

जुना_परीक्षक

वरच्या मुलीचा प्रतिसाद आयोजकांनी दोनदा वाचावा.

माझा अनुभव परीक्षकाच्या खुर्चीतला. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. महाराष्ट्रभर केवढी चर्चा झाली. वर्तमानपत्रं, नाट्यकर्मी, विद्यार्थी, दोन्ही बाजूंनी लोक हिरिरीने बोलले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: निर्णय जाहीर होता म्हणून चर्चा होऊ शकली. कोणाला तो कठोर वाटला, कोणाला योग्य, पण हवेत कोणी बोलत नव्हतं. प्रतीक्षा यादीबद्दल अशी चर्चा कधीच होत नाही, कारण बोलायला समोर कागदच नसतो. मग उरते ती कुजबुज, आणि कुजबुजीने स्पर्धांचं जितकं नुकसान होतं तितकं जाहीर टीकेने होत नाही.

संहिता वाचून संघ निवडणाऱ्या स्पर्धांचं वेगळं आहे. तिथे वेटिंगचा क्रम म्हणजे एका अर्थी गुणवत्ता यादी. क्रमांक लावला की "आमची संहिता त्यांच्यापेक्षा खाली का?" हा वाद येणारच. तरीही माझं मत, लावा. फक्त वाचन कोणी केलं आणि कशाकडे पाहिलं हे दोन ओळींत लिहा. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्याला एवढं सोसायला हवं, आणि ज्याला स्पर्धा भरवायचीय त्यालाही.

---

नेपथ्य_सांभाळा

अजून एक कळीची गोष्ट, जी पडद्यामागचा यांनीच सांगितली आणि आपण सगळ्यांनी सोडून दिली: चार स्पर्धांत नाव अडकवून ठेवणारे संघ. वेटिंगवाल्यांचं दुःख तिथून सुरू होतं. यावर उपाय अनामत रकमेचा. प्रयोग झाला की परत, अमुक तारखेच्या आधी माघार घेतली तरी परत, त्यानंतर घेतली तर जप्त. आणि जप्त झालेली रक्कम आयोजकांनी ठेवू नये. ऐनवेळी जो वेटिंगचा संघ धावून येतो त्याच्या टेम्पोला द्यावी. न कळवता गैरहजर राहणाऱ्या कॉलेजाची नावं पुढच्या वर्षी लॉट्सच्या दिवशी वाचून दाखवावीत.

---

पडद्यामागचा

नावं वाचून दाखवायला माझा ठाम विरोध. माघार घेणारा संघ म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं असतात. कोणाच्या घरी मृत्यू झालेला असतो, कोणाच्या कॉलेजने पैसे नाकारलेले असतात. ते कारण मला माहीत असतं, जगाला सांगायचा मला अधिकार नाही. आमच्याकडे एका मुलीने आत्महत्येचा प्रयत्न केला होता म्हणून संघ मागे आला होता, आणि बाहेर चर्चा होती की यांना मोठी स्पर्धा मिळाली. मी गप्प राहिलो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा गप्पच राहीन.

बाकी तुमच्या चर्चेने मी बराच हललोय, हे मान्य करतो. तासांचा रकाना उत्तम आहे, तो यंदाच्या प्रवेशिकेत येईल अशी व्यवस्था करतो. क्रम लॉट्सच्या दिवशी काढणं, हेही समितीपुढे ठेवतो. अनामतीचं सोपं नाही, कारण लहान कॉलेजांची मुलं प्रवेश शुल्कच खिशातून भरतात, त्यांच्यावर आणखी बोजा पडेल. त्याच्यावर मला विचार करावा लागेल.

---

तिसरी_घंटा

नावं नकोत, हे मला पूर्ण पटलं. यादीला त्यांची गरजही नाही. "१२ तारखेला एक जागा रिकामी झाली, ४८ तासांच्या रांगेतला पहिला संघ आत आला" एवढंच पुरे. कोण गेलं, का गेलं, हे आयोजकांपाशी राहू दे. आम्हाला फक्त रांग कशी सरकली ते दिसलं पाहिजे.

आतापर्यंतचं धरून प्रवेशिकेत छापता येईल असा मजकूर लिहून पाहिलाय. दुरुस्त्या सुचवा:

"मर्यादेपेक्षा जास्त प्रवेशिका आल्यास प्रतीक्षा यादीचा क्रम लॉट्सच्या दिवशी उपस्थित प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून ठरेल. सलग दोन वर्षं प्रवेश न मिळालेल्या महाविद्यालयाच्या दोन चिठ्ठ्या असतील. यादीत प्रत्येक संघाचा मूळ क्रमांक, आताचा क्रमांक आणि त्याने दिलेली सूचनेची मुदत दिसेल. जागा रिकामी झाल्यास, उरलेल्या वेळेत प्रयोग करू शकणाऱ्या संघांपैकी सर्वांत वरच्या संघाला विचारलं जाईल. त्या संघाने सहा तासांत होकार न दिल्यास पुढच्या संघाला विचारलं जाईल. नकार दिल्याने पुढच्या वर्षीच्या संधीवर परिणाम होणार नाही. प्रत्येक बदल त्याच दिवशी यादीत नोंदवला जाईल."

---

प्रॉम्प्टर

"नकार दिल्याने परिणाम होणार नाही" हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत काढू नका. आदल्या रात्री नाही म्हटलं तर आयोजक कायमचे नाराज होतील, या भीतीने संघ अर्धवट तयारीनिशी मंचावर गेलेले मी पाहिलेत. हाल त्यांचे होतात आणि परीक्षकांनाही काय पाहिलं ते कळत नाही.

---

सिंहगड_एक्सप्रेस

यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे शंभर मेसेजखाली जाईल. एकच शीट, सगळ्यांना वाचता येईल पण बदल फक्त आयोजक करू शकतील अशी. आणि एक कागद नाट्यगृहाच्या दारावरही.

---

फोंडेकार

सहा तासांचं एक बघा. रात्री दहाला फोन आला तर सहा तास पहाटे चारला संपतात. नोकरीवाल्या संघाने रात्री कोणाकोणाला उठवायचं? रात्री नऊनंतर विचारलं तर तास सकाळी आठपासून मोजावेत. फक्त प्रयोग दुसऱ्याच दिवशी असेल तर हे लागू नाही, कारण तिथे २४ तासांवालेच असणार आणि त्यांनी ते मान्य करूनच लिहिलंय.

---

पडद्यामागचा

फोंडेकारांची दुरुस्ती घेतो. मजकूर उतरवून घेतलाय. या रविवारी समितीची बैठक आहे. दोन चिठ्ठ्यांच्या कलमावर घासाघीस होईल, कारण गेल्या दोन वर्षांच्या वेटिंगच्या याद्या आमच्याकडे नीट लिहिलेल्या नाहीत. म्हणून ते कलम यंदाची यादी पहिलं वर्ष धरून लागू करावं, असं मी सुचवणार आहे. एफवायची_मुलगी, तुमची स्पर्धा आमची असेल किंवा नसेल, तुमच्या दिग्दर्शकाला आयोजकांना लेखी विचारायला सांगा: आमचा क्रमांक काय आणि किती तारखेपर्यंत थांबू. लेखी विचारलं की बहुतेक जण उत्तर देतात.